अण्णांचा कोरडा फडका

परवा नातीनं नवी गाडी आणली. दारात उभी केली आणि म्हणाली, "आजी, स्वस्तिक तूच काढ." सुनेनं तेलात कालवलेला शेंदूर वाटीतून आणून दिला. आमच्या उज्जैनला गाडी आली की शेंदूर लागतोच, मग ती सायकल असो नाहीतर ट्रक. मी बोट बुडवलं आणि तशीच उभी राहिले. नात म्हणाली, "क्या हुआ आजी?" मी म्हटलं, "काही नाही ग." मग काही जोडलेलं-बिडलेलं नाही अशी साध्या पत्र्याची जागा बघून एवढंसं स्वस्तिक काढलं आणि लगेच फडक्याला हात पुसला. फडका हातात आला आणि अण्णा बिडवे डोळ्यांपुढे उभे राहिले.

अण्णा आमचे शेजारी. फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत त्यांचं अंगण आणि आमचं अंगण यांच्यामध्ये एकच भिंत, तीही अशी ठेंगणी की मी पापड वाळत घालता घालता मला त्यांच्याकडचं सगळं दिसायचं, आणि कान झाकायचे म्हटले तरी ऐकूही यायचं. माणूस उंच, वाळका, थोडा पुढे वाकलेला. कमरेला एक फडका कायम खोचलेला. जुन्या धोतराचा, धुवून धुवून मऊ झालेला. हात लावायच्या आधी फडका, हात लावून झाल्यावर फडका. जेवायला बसले तरी ताट आधी त्या फडक्यानं पुसणार. मालू, म्हणजे त्यांची बायको, ओरडायची, "अहो, घासलेलं ताट आहे ते!" अण्णा म्हणायचे, "घासलेलं आहे, पण कोरडं कुठं आहे?"

कपड्याच्या मिलमध्ये ते मशिनांची देखभाल बघायचे. मग मिल बंद पडली. ते दिवसच तसे होते. एकीकडे टावर चौकात रोज नवी दुकानं, टीव्हीत परदेशी गाड्या, आणि दुसरीकडे आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष भर सकाळी ओटल्यावर बसलेले. अण्णा मात्र ओटल्यावर बसले नाहीत. मिलचं सामान भंगारात निघालं तेव्हा तिथून त्यांनी हातगाडीवर एक अवजड धूड घरी आणलं. मालू दारातच उभी राहिली.

"हे काय?"

"ब्लोअर."

"करायचं काय त्याचं?"

"मोटार," अण्णा म्हणाले, आणि फडक्यानं ते धूड पुसायला लागले.

मला त्यांनीच समजावून सांगितलं होतं, भिंतीवर कोपरं टेकून. साधं इंजिन आपलं आपण हवा ओढून घेतं. पण हा ब्लोअर हवा दाबून दाबून त्याच्या तोंडात कोंबतो, मग तेच इंजिन दीडपट जोरानं पळतं. "आपण बाळाला घास भरवतो ना वहिनी, तसं." जुन्या फियाटचं इंजिन, तिचाच सांगाडा, वर स्वतः ठोकून घडवलेला पत्रा. बसकी, लांब नाकाची, दोनच माणसांची, छप्पर नसलेली गाडी. गल्लीतली माणसं तिला नाव, म्हणजे होडी, म्हणायची. कोपऱ्यावरचा पोहेवाला रोज विचारायचा, "क्यों बाऊजी, क्षिप्रा में कब उतार रहे हो?" अण्णा तेवढ्याच गंभीरपणे उत्तर द्यायचे, "पानी बढ़ने दो."

मालू तिला सवत म्हणायची. मूलबाळ नव्हतं त्यांना. अण्णा म्हणायचे, "सवत कशी? लेक आहे." हे ऐकलं की मालू आत निघून जायची आणि थोड्या वेळानं चहा घेऊन बाहेर यायची. असा त्यांचा संसार होता. मी पाहिलेला आहे, म्हणून सांगते. पुढचं ऐकून लोकांना वाटतं की त्या दोघांचं मुळातच पटत नसणार.

आणि विलास. मालूचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तर मालूनंच त्याला अंगाखांद्यावर वाढवला, लग्नानंतर आपल्याबरोबर इकडे आणला. तोही त्याच मिलमध्ये होता, तोही बसलेला. तिशीचा गडी, पण अंगणात शिरला की आधी शीळ ऐकू यायची. अण्णा जितके सावकाश तितका हा उतावळा. दोघांनी ठरवलं होतं, गाडी झाली की देवास रोडला वर्कशॉप काढायचं आणि हीच गाडी दारात उभी करायची. पाटीसुद्धा नको, अण्णा म्हणायचे, गाडी बघून ज्याला कळेल तो आपसूक आत येईल.

एकदा माझ्या कुकरची वाफ कडेनं जायला लागली. अण्णांना हाक मारली. त्यांनी झाकण उघडलं, रबराची रिंग बोटांत धरून वास घेतला.

"वहिनी, रबराला तेल कोणी लावलं?"

"मीच. सरकन बसावी म्हणून."

"सरकन बसतं ते सरकन निघतं," ते म्हणाले. रिंग साबणानं धुतली, फडक्यानं पुसली, उन्हात ठेवली. "दाब आहे तिथं कोरडं पाहिजे. तेल आत, जिथं काही फिरतंय तिथं. जोडावर नाही."

त्यांचं सगळं वेड जोडांचंच होतं. ब्लोअरपासून इंजिनापर्यंत हवेचा पाइप जायचा, तुकड्यातुकड्यांचा, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये रबरी हौज, म्हणजे जाड नळीचा तुकडा, दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळलेल्या. पहिल्यांदा इंजिन चालू करून विलासनं जोर दिला आणि फट्‌कन असा आवाज झाला की माझ्या हातातली पळी खाली पडली, समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. हौज निसटून थेट मालूच्या तुळशीत जाऊन पडला होता. विलास पोट धरून हसत होता. मालू म्हणत होती, "तुळस सोडा, उद्या माझं डोकं उडवाल!" अण्णा एकटेच हसले नाहीत. तो हौज हातात घेऊन बसून राहिले.

त्यानंतर कितीतरी दिवस त्यांचं दुसरं काही चाललं नव्हतं. पाइप ॲल्युमिनियमचे केले. मी विचारलं, लोखंड का नको? तर म्हणाले, "लोखंड गंजतं, गंजाची पूड इंजिनात जाते. ह्याला तांबडा गंज कधी चढत नाही वहिनी, जन्मात नाही." प्रत्येक पाइपच्या टोकाला आतून ठोकून गोल उंचवटा काढला, म्हणजे हौज त्यावरून सहजी मागे सरकू नये. ब्लोअरचं तोंडही ॲल्युमिनियमचंच, पण ओतीव, गुळगुळीत. तिथे उंचवटा निघेना, म्हणून एक लोखंडी पट्टी केली. तिनं पाइप ब्लोअरला बांधून टाकला, की हौज सुटू म्हणाला तरी सुटणार नाही. आणि जोड बसवायच्या आधी दोन्ही अंगं स्पिरिटनं पुसायची, मग कोरड्या फडक्यानं, मग बोट फिरवून बघायचं. दुसऱ्यानं बसवलेला जोड तर ते उघडून परत बसवायचेच. विलास चिडायचा, "अण्णा, मी काय परका आहे?" अण्णा म्हणायचे, "परका नाहीस. पण तू बसवलेलं माझ्या बोटाला कळत नाही." आणि शांतपणे पेचकस फिरवायचे.

दसऱ्याला गाडी शहराबाहेर न्यायची हे मालूनंच ठरवलं. सीमोल्लंघन. तोवर ती गल्लीतून टावर चौकापर्यंत आणि परत एवढीच फिरली होती, हळूहळू, मागे पोरं पळतायत अशी. आदल्या दिवशी अण्णांना ब्लोअरच्या तोंडाशी असलेल्या हौजला चीर दिसली. संध्याकाळी इंदूरहून नवा आणला. पण तो जाड निघाला, आणि जुन्या पट्टीची भोकं काही जुळेनात. सकाळी नवी भोकं पाडू म्हणून ब्लोअरचं तोंड पुसून, कोरडं करून, वर कागद बांधून ठेवला.

सकाळी उठून बघतात तो मालूनं ड्रिल मशीन, हातोडे, पाने, कानशी, सगळं पाटावर मांडून हार घातलेला. पूजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. अण्णांनी तरी ड्रिलला हात घातला. भिंतीपलीकडून मी ऐकलं.

"अहो! पूजलंय ते. आज नाही."

"एकच भोक, मालू."

"वर्षाचा सण आहे. उद्या पाडा हवी तेवढी भोकं."

अण्णांनी हात मागे घेतला. "मग उद्या नेऊ गाडी," म्हणाले. तशी मालू आणि विलास दोघं एकदम बोलायला लागली, आज दसरा, सगळ्यांना सांगून ठेवलंय, हळूच नेऊ. पोहेवालासुद्धा हार घेऊन आला होता. अण्णा आपट्याची पानं आणायला बाजारात गेले.

ते परत आले तेव्हा जोड पट्टीशिवायच बसलेला होता. पेचकस तेवढा पूजेतून सुटला होता, विलासनं क्लिप आवळून टाकली होती. अण्णांनी क्लिपेला बोट लावलं, हलवून बघितलं. घट्ट होती. मग त्यांनी पेचकसासाठी हात पुढे केला. विलास हसत म्हणाला, "आज सणाला तरी माझ्यावर विश्वास ठेवा ना, अण्णा." सगळी गल्ली उभी. मालू ओवाळणीचं तबक घेऊन उभी. अण्णांनी पुढे केलेला हात तसाच फडक्याला पुसला आणि खाली घेतला.

विलास गाडीत बसला. अण्णा आणि आमचे हे स्कूटरवर मागे. पुढचं यांनी सांगितलेलं आहे, आणि तेही एकदाच. देवास रोड मोकळा लागला तशी विलासनं गाडी सोडली. पुढे एक टेम्पो होता. ओलांडायला त्यानं जोर दिला, गाडी सुसाट उजवीकडून निघाली आणि निम्म्यात तो आवाज झाला. फट्‌. आमच्या अंगणात झाला होता तसाच. गाडीचा दमच गेला. समोरून ट्रक येत होता.

मालू दारात आपट्याची पानं घेऊन बसली होती. सोनं द्यायला.

विलास जागीच गेला होता. अण्णा परत आले ते यांच्या खांद्यावर हात ठेवून. मालूनं विचारलं, कसं झालं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, अण्णा म्हणाले, "विलासनं नीट लावलं होतं. मी निघता निघता परत खोललं. क्लिप माझ्या हातून ढिली राहिली."

आमचे हे माझ्याकडे बघायला लागले. आम्ही दोघंही तिथेच होतो ना. अण्णांनी काही खोललं नव्हतं. पण मालू ओवाळून तबक ठेवायला आत गेली होती, निघतानाचं तिनं पाहिलं नव्हतं. आणि असल्या वेळी कोण कोणाला खोटं ठरवतं? मला वाटलं, गेलेल्या विलासवर बोल नको म्हणून अंगावर घेतायत.

मालू त्यांच्याशी बोलायची बंद झाली. अगदी बंद. चहा त्यांच्यापुढे ठेवायची, पण "अहो" हा शब्द त्या घरातून गेला. काही सांगायचं असलं तर भिंतीशी येऊन मला सांगायची, "शोभाताई, ह्यांना सांगा, गॅस संपलाय." आणि अण्णा चार हातांच्या अंतरावर बसलेले असायचे.

पोलिसांकडून गाडीचा सांगाडा सुटून आला आणि कित्येक महिने अंगणात पडून राहिला. शेवटी मालूच म्हणाली, "ह्यांना सांगा, माझ्या भावाचं मढं इथून हलवा." भंगार घेणारा कबाडी आला. त्यानं एकेक भाग सोडवायला घेतला. ब्लोअरच्या तोंडाशी पाइप अजून लटकत होता, हौज एका बाजूला अडकलेला. त्यानं तो ओढून काढला, आत बोट घातलं आणि उजेडात धरलं.

"बाऊजी, ये तो सिंदूर लगा है इसमें. तेल-सिंदूर. मुँह पर भी है."

मालू दारातच होती. अण्णा एवढ्या चपळाईनं उठलेले मी त्यानंतर कधी पाहिले नाहीत. त्याच्या हातातून हौज घेतला, कमरेचा फडका काढला आणि ब्लोअरचं तोंड पुसायला लागले, घासून घासून.

"जंग है," ते म्हणाले. "जंग लगा है, और कुछ नहीं. तू अपना काम कर."

कबाडी म्हणाला, "बाऊजी, अलमुनियम को कहाँ से जंग—"

"जंग है बोला ना!"

मालू दारातून म्हणाली, कोणाकडेच न बघता, "साधा गंज रोखता येत नव्हता, आणि त्यात माझ्या भावाला बसवलं." ती आत गेली.

मी भिंतीशी उभी होते. ह्याला तांबडा गंज जन्मात चढत नाही, हे मला सांगणारे अण्णाच होते. आणि त्या सकाळी मालूच्या हातात शेंदराची वाटी होती, हे मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. नव्या मशीनचं मुख म्हणजे देवाचं मुख, तिथे शेंदूर लावल्याशिवाय ती बाई राहील होय? कागद सोडला असणार, लावला असणार, भक्तिभावानं नमस्कार केला असणार.

कबाडी गेल्यावर अण्णा भिंतीशी आले. फडका मुठीत चुरगळलेला होता.

"तुम्हाला कळलंय, वहिनी."

मी त्या फडक्याकडे बघितलं.

"मी त्या दिवशी रस्त्यावरच पाहिला होता तो शेंदूर, पण गाडीला परत हात लावायचा धीर झाला नाही. विलासनंही पाहिला असणार. त्याला माहीत होतं, जोड कोरडा लागतो. पण पूजेचा शेंदूर पुसायला हात कोणाचा धजणार? त्यातून बहिणीनं लावलेला. त्यानं तसाच वरून हौज चढवला असेल. सरकन बसला असेल." ते थांबले. "मी असतो तर मी पुसला असता. म्हणून तर मी खोलायला पाहिजे होतं. माझंही आहेच त्यात. पण तिचं नाही. तिला हे कधी कळता कामा नये."

"अण्णा, ती तुम्हाला जन्मभर..."

"भावाला मारणारा नवरा आहे असं समजून ती जगेल," ते म्हणाले. "आपणच मारला हे समजून जगणार नाही. मी ओळखतो ना तिला."

फडका त्यांनी त्याच दिवशी पाणी तापवायच्या चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी कमरेला दुसरा होता.

भाऊबीजेला मालू विलासच्या फोटोपुढे पाट मांडायची, दिवा लावायची, आणि मला सांगायची, "ह्यांना म्हणावं, आज घरात नको." अण्णा स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचे. एकदा आमचे हे डबा घेऊन गेले, तर ते तिथल्या गळक्या नळाची चकती काढून पुसत बसले होते. पुढे त्यांनी गल्लीत पंप, मिक्सर, शिलाई मशीन असली कामं केली. वर्कशॉप काही काढलं नाही. गाडी दुरुस्तीला कोणी आणली तर हात जोडायचे.

एक दसरा मला विसरता येत नाही. मी सोनं द्यायला गेले होते. मालूचे केस तोवर पांढरे झालेले. ती पाटाशी बसून बोलता बोलता म्हणाली, "शोभाताई, मी त्या दिवशी इतकी मनापासून पूजा केली होती. तोंडाला शेंदूर लावला, म्हटलं मारुतीराया, माझ्या भावाला सांभाळ. देवानं तरी ऐकायचं. पण ह्यांच्या हाताचं देवानं काय करावं?" अण्णा कोपऱ्यात बसले होते.  आता एक शब्द, एकच शब्द, आणि सगळी वर्षं उलटी होतील. अण्णांनी मान वर केली. म्हणाले, "पूजा चांगली होती." बस. तेवढंच. मालू बऱ्याच वर्षांनी त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाली, "होतीच." त्यांच्यातलं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते.

मालू गेली ती अचानक, सकाळी कणीक मळताना. तिला अंघोळ घालून हिरवी साडी नेसवली. सवाष्ण गेली, तर आमच्याकडे नवऱ्यानं मळवट भरायचा असतो, कपाळ कुंकवानं भरून टाकायचं. बायका कुजबुजत होत्या, ह्यांच्या हातून तिला चाललं असतं का? मीच पुढे झाले आणि कुंकवाचा करंडा अण्णांच्या पुढे धरला. म्हटलं, "अण्णा, तुम्हीच."

ते खाली बसले. सवयीनं फडका काढला. तिचं कपाळ अजून थोडं ओलं होतं, ते आधी टिपून कोरडं केलं, अगदी हळू, जसं ते जोड पुसायचे. मग कुंकू घेऊन तिचं कपाळ या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत भरलं.

तिला नेल्यावर, सगळं आटपून लोक पांगल्यावर, मी भिंतीवरून पाहिलं. अण्णा अंगणात, जिथे गाडी असायची त्या जागी, बसले होते. फडका मांडीवर होता, घडी घातलेला. उजव्या हाताचं लाल बोट त्यांनी अंगापासून दूर धरलं होतं, कशाला लागू नये असं. मी बराच वेळ उभी होते. त्यांनी ते पुसलं नाही.